आय लेव्हल, म्हणजे कोणाची?

नागपूर,
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय गज्या,

आधी शिव्या देऊन घे. तुमच्या मायच्या तेरवीनंतर तुला एक फोन नाही, साधा मेसेज नाही, आणि आता हा अचानक कागद-पेन घेऊन बसला म्हणजे याचं काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. आहे काम. शेवटी सांगतो.

घरी बरं आहे. आईची साखर आटोक्यात, माझा गुडघा होता तसाच. झालं.

आज वर्गात माझी फजिती झाली बे. घरी हिला सांगितली तर म्हणाली, "मग वाढवून द्या ना मार्क, एवढं काय त्यात." म्हणून तुला लिहितोय.

दुसऱ्या वर्षाच्या पोट्ट्यांना मी दरवर्षी एकच प्रात्यक्षिक देतो. मोबाइलवर घरातलं एक माणूस शूट करायचं, तीन मिनिटं, आणि हाय, लो, आय लेव्हल हे कॅमेऱ्याचे तिन्ही अँगल यायलाच पाहिजेत. 20 मार्क. त्याआधी पंधरा दिवस फळ्यावर काड्यांची माणसं काढून माझं चऱ्हाट चालतं. मिड शॉट कमरेपर्यंत. गुडघ्यावर, मनगटावर फ्रेम कापू नका. सांधा सोडून वर कापा नाहीतर खाली कापा, एरवी माणूस तुटल्यासारखा दिसतो. मग 180 अंशांची रेघ. दोघांना समोरासमोर बसवतो, मधून खडूनं रेघ ओढतो, आणि मोबाइल रेघेच्या पलीकडे नेला की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात. एक जण म्हणाला, "सर, लग्नाला दहा वर्षं झाल्यावर असंच होते." ऑर्सन वेल्सनं 1941 साली आलेल्या 'सिटिझन केन' या सिनेमाच्या वेळी कॅमेरा आणखी खाली जावा म्हणून सेटची जमीन फोडायला लावली, असं सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या गल्लीत खोदूनच ठेवलंय, कॅमेरा तेवढा घेऊन या."

म्हणजे वर्ग मजेत असतो. मजेत मी सूत्रही सांगून टाकतो: वरून घेतलं की माणूस बिचारा, खालून घेतलं की जबर, डोळ्यांसमोरून घेतलं की बरोबरीचा. अकरा वर्षं हेच. परीक्षेत पोट्टे हेच लिहितात, मी मार्क देतो, आणि त्यातले निम्मे पुढे लग्नाचं शूटिंग करतात, तिथं नवरदेव हटकून घोड्याच्या पोटाखालून.

तर कामठीची एक पोरगी आहे. वर्गात बोलत नाही, वही मात्र छापल्यासारखी. तिची आई बिड्या वळते. तीन मिनिटं तेवढंच. आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप. ओला तेंदूपत्ता, त्यावर पत्र्याचं माप, कात्रीची दोन वळणं. चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं वळली, टोक नखानं आत दाबलं, दोरा. हात बघत नाहीत बे, हातांना माहीत आहे. आई भलतीकडेच बघत बोलतेय, बहुतेक गॅस संपत आल्याचं. आणि सगळे शॉट एकाच उंचीवरून, जमिनीपासून हातभर.

दीड मिनिटानंतर एक माणूस येतो. तो आपल्याला गुडघ्यापर्यंतच दिसतो. मग वरून फ्रेममध्ये त्याचा हात उतरतो, पंचवीस-पंचवीसचे कट्टे उलटेपालटे करतो आणि दोन कट्टे बाजूला टाकतो. खराब म्हणून. आई मान वर करून बघते. कॅमेरा वर जात नाही. पाय निघून जातात, आई ते दोन कट्टे सोडते आणि पुन्हा वळायला घेते.

मी काय लिहिलं असेल? "सगळे शॉट लो अँगल. हाय नाही, आय लेव्हल नाही. पाहुण्याचे डोके कापले." 20 पैकी 7. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. आज मी ते भिंतीवर लावलं आणि चूक कशी असते याचा नमुना म्हणून सगळ्यांना दाखवलं.

ती उभी राहिली. "सर, हे लो नाही. आय लेव्हलच आहे. आई खालीच बसते."

मी म्हणालो, "आय लेव्हल म्हणजे..." आणि पुढे मला येईना. मागून त्याच कार्ट्यानं विचारलं, "सर, म्हणजे कोणाच्या आयची लेव्हल?" वर्ग फुटला. ती पण हसली. मी पण हसलो, आणि मला तुमची गच्ची आठवली.

आता कळलं ना, तुलाच काऊन लिहितोय ते?

जपानी दिग्दर्शक ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असायचा, लेन्स बहुतेक कायम 50 मिलिमीटरची, हे मी दरवर्षी आकृती काढून शिकवतो. जपानमधल्या चटईवर मला पटतं. कामठीतल्या पोत्यावर दिसलं तर 7 मार्क.

आणि तुमची गच्ची. मे महिना, माय पहाटेपासून कुरडया घालतेय, आपण लग्नवाल्याकडून एका दिवसाच्या भाड्यानं कॅमेरा आणलेला. त्याचा ट्रायपॉड कमरेच्या खाली येत नव्हता. तू दोन विटा आणल्यास आणि म्हणालास, यावर ठेव. मी म्हणालो, विटांवर गणपती ठेव, कॅमेरा नाही. आणि स्टुलावर चढलो! कारण वरून त्या पांढऱ्या कुरडया धोतरावर चांदण्यांसारख्या दिसत होत्या. दिसत होत्याच, ते मी आजही नाकारत नाही. फक्त कोपऱ्यात माय मुंगीएवढी झाली. टीव्हीला जोडून दाखवलं तेव्हा ती हसत म्हणाली, "मी एवढुशीच दिसते का रे?" आणि तू उठून निघून गेलास तो पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरलो की गज्याला टीका सहन होत नाही. (तशी तुला होत नाहीच. पण त्या वेळी टीका तू करत होतास.)

तेरवीला हे सांगायचं होतं. ताटं वाढायला लागलो आणि राहिलं.

आता पुढचं ऐक. वर्ग सुटल्यावर मी त्या पोरीला थांबवून विचारलं, हे ठरवून केलंस का? तर म्हणे, नाही सर, खोली लहान आहे, ट्रायपॉड उघडतच नाही. मी रोज जिथं अभ्यासाला बसते तिथंच पाटावर तांब्या ठेवून त्याला मोबाइल टेकवला. झालं ना वांधं? ठरवलेलं नाही, म्हणजे जमून गेलेलं. मग मार्क कशाचे? तू म्हणशील, सवय आहे ती, जमून जाणं नव्हे. पण उद्या दुसरा कोणी आळसानं मोबाइल जमिनीवर ठेवून म्हणेल, सर, आमचा कुत्रा खालीच बसतो. त्याला काय सांगू? सूत्र अगदी फेकूनही देता येत नाही बे. यंदा मारबतीच्या मिरवणुकीला पोट्टे इथल्या महाल भागात नेले होते. पिवळ्या मारबतीचा पुतळा एवढा थोरला की कुठूनही घे, लो अँगलच, आणि सूत्र तिथं चोख चाललं. पहिल्या दिवशी पोरांच्या हाताला धरायला काहीतरी लागतं. मी मात्र अकरा वर्षं तेवढंच धरून ठेवलं, आणि किती जणांना असे 7 दिले असतील, ते आता कुठं शोधू?

हिचे तरी सोमवारी दुपारपर्यंत बदलता येतात. फॉर्ममध्ये 'बदलाचे कारण' असा रकाना आहे, बोटभर रुंदीचा. संध्याकाळपासून त्यात काही लिहिता येईना, म्हणून हे चार कागद.

पुण्याचं घर लागलं का? वहिनींना नमस्कार. पिंट्या चित्रकलेला गेला ऐकलं, चांगलं केलंस, त्याला गणितात ढकलू नको.

आता काम. कुरडयांची ती मिनी डीव्ही कॅसेट तुझ्याकडेच असणार, मायच्या लाल पत्र्याच्या डब्यात. चालू हँडीकॅम मी मिळवलाय, फायरवायरची केबलही. कुरिअरनं पाठव. एक प्रत तुला करून देतो, आणि तू हो म्हणालास तर वर्गात लावतो, चुकीचा नमुना म्हणून, माझ्या नावासकट. नको म्हणालास तर नाही लावणार.

आणि रकान्यात काय लिहू ते सोमवारच्या आत कळव. पत्र पोस्टात टाकतोच, पण ते कधी पोचायचं, म्हणून चारही कागदांचे फोटो आत्ताच पाठवतोय. वरूनच काढलेत. कागदाला चालतं.

तुझा,
सुध्या