गुलछडीच्या तेलाची चौकशी

अँटिब, फ्रान्स
14 सप्टेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गणपतीत तुम्ही फोनवर विचारले होते की, शेजारच्या मळ्यात जिरेनियमचे तेल काढायचा जो प्लांट बसला आहे, त्यात आपली गुलछडी घातली तर तिचेही तेल निघेल का, आणि तू अत्तराच्या गावाजवळच राहतेस तर नीट विचारून कळव. फोनवर सांगितलेले तुमच्या लक्षात अर्धेच राहते आणि उरलेले आई मला पुन्हा विचारते, म्हणून सगळे पत्रातच लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते : निघणार नाही. का निघणार नाही, ते मला काल एका बागेत दोन तास फिरल्यावर कळले, आणि त्या दोन तासांत आपल्या बांधावरच्या एका झाडाबद्दलही असे काही समजले, की ते तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अत्तराचे गाव म्हणजे ग्रास. ते डोंगरउतारावर आहे आणि त्याच्या अलीकडे, कान शहराहून जाणाऱ्या लोकल गाडीच्या वाटेवर, मुआँ-सार्तू नावाचे लहान गाव लागते. ग्रासच्या अत्तर संग्रहालयाची बाग या मुआँ-सार्तूला आहे. अत्तरासाठी इथे पूर्वापार जी पिके घेत, ती सगळी तिथे जमिनीत लावून ठेवली आहेत. काल शनिवारी सकाळी मी तिथे गेले. आम्ही नऊ जण होतो आणि माहिती सांगायला एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी सुरुवातीलाच विचारले, की आज अंगाला कोणी सेंट लावला आहे का. दोघींनी हात वर केले. त्यांना बाईंनी हसत हसत, पण खरोखरच, रांगेच्या शेवटी आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभे केले. त्या फ्रेंचमध्ये भरभर बोलत होत्या, त्यामुळे काही गोष्टी मला दोनदा विचाराव्या लागल्या; पण फुले तोडण्याचा विषय निघाला तेव्हा मला भाषेची फारशी अडचण पडली नाही, कारण ते सगळे मी तुमच्याबरोबर टॉर्च धरून केलेलेच आहे.

बागेतली पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, इथल्या बऱ्याच झाडांना वास फुलाचा नाही, पानाचा आहे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर लगेच येतो. इथे उन्हाळाभर फारसा पाऊस पडत नाही आणि पाऊस येतो तो पानगळीत आणि थंडीत. त्यामुळे रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर अशी इथली जी खरी रानातली झुडपे आहेत, त्यांची पाने बारीक, जाडसर, राखी रंगाची असतात आणि पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये तेल भरलेले असते. ते तेल उन्हाच्या तडाख्यात आणि जनावरांच्या तोंडापासून झाडाला सांभाळते. लांबून उभे राहिले तर वास जवळजवळ येत नाही. बोटांनी चोळले की एकदम येतो. बाई प्रत्येक झाडापाशी थांबून आधी पान चोळायला लावत आणि नाव नंतर सांगत. त्या म्हणाल्या की, नाव आधी कळले तर माणूस नाकाने वास घेत नाही, आठवणीने घेतो. हे अगदी खरे आहे, कारण मी एका ठिकाणी चोळलेले पान नाकाशी नेल्याबरोबर पुण्याच्या मंडईबाहेरची हारवाली डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि ते निघाला मरवा! तोच आपला हारात ओवायचा, गजऱ्यात खोचायचा मरवा. मूळचा तो भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या भागातला, सायप्रस आणि तुर्कस्तानकडचा, आणि इथे तो स्वयंपाकात घालतात. देवाला वाहायची वस्तू हे लोक मांसावर भुरभुरवतात हे आईला सांगायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. दवणा मात्र तिथे दिसला नाही. त्याच्या जातकुळीतली एक कडू वनस्पती होती. दवण्याचे नाव घेतल्याबरोबर बाई म्हणाल्या की दवण्याचे तेल भारतातूनच येते आणि अत्तरवाले ते आवडीने वापरतात. चैत्रात आपण तो जोतिबाला आणि खंडोबाला वाहतो, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांनी वहीत टिपून घेतले.

पुढे एक चिकट पानांचे झुडूप होते, त्याला सिस्टस म्हणतात. त्याच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर उन्हात इतका राळेसारखा चीक सुटतो की बोटे चिकटून बसतात. पूर्वी या झुडपांतून चरून आलेल्या शेळ्या-बोकडांच्या दाढ्यांना ही राळ लागे आणि ती विंचरून काढत. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानेही लिहून ठेवले आहे, की हा सुगंधी पदार्थ बोकडाच्या दाढीत सापडतो. अत्तराचा वास अंगावर टिकून राहावा म्हणून ही राळ आजही लागते.

आता अंजीर. बागेत अंजिराचे एक बऱ्यापैकी मोठे झाड आहे. बाईंनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि चोळलेले पान एकेकाच्या नाकाशी धरले. बाबा, खोबरे! ओले खोबरे नुकते खवल्यावर जो दुधट, हिरवा वास येतो, तोच. आपल्या बांधावर अंजिराची झाडे आहेत, पुरंदरचे अंजीर म्हणून आपण नावाजलेले, मी लहानपणापासून त्या झाडांखाली वाढले, आणि पान चोळून वास घ्यायचे मला कधी सुचले नाही. आपल्याला पान म्हटले की चीक आणि खाजच आठवते. आणि ती भीतीही खोटी नाही, कारण तो चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडले की चट्टे उठतात आणि त्याच कारणाने अत्तराच्या धंद्यातल्या नियमांनी अंजिराच्या पानाचा अर्क वापरायला मनाई आहे. अत्तरात अंजिराचा वास म्हणून जो येतो, तो प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. तुम्ही एकदा सकाळी पान तोडून चोळून बघा आणि मग हात धुवा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. जिरेनियमचा एक वाफा तिथे होता. तेही पानाचेच पीक, आणि पान चोळले की हुबेहूब गुलाबाचा वास. डोळे मिटून आमच्यातल्या बहुतेकांनी गुलाबच सांगितला. या पिकाचे तेल पानातल्या ग्रंथींमध्ये तयार असते, ते वाफेला टिकते, म्हणून तुमच्या शेजाऱ्यांच्या प्लांटमध्ये वाफ सोडली की तेल पाण्याबरोबर वर येते आणि थंड झाल्यावर वेगळे होते. गुलछडीचे तसे नाही. तिचा वास पाकळीत साठवलेला नसतो. उमललेले फूल तो क्षणाक्षणाला बनवते आणि हवेत सोडते. वाफेची उष्णता लागली की तो वास बिघडतो आणि हाती जवळजवळ काही येत नाही. चमेलीचेही तसेच.

मग हे लोक काय करत? गंमत अशी की फूल खुडल्यावरही, म्हणजे गुलछडी आणि चमेली दोन्ही, कित्येक तास वास बनवत राहते. इथल्या जुन्या माणसांनी हेच हेरले होते. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर एकेक फूल हाताने मांडायचे, आणि ते आपला वास सोडत राहील तसा चरबीने पिऊन घ्यायचा. चमेलीची फुले दुसऱ्या दिवशी उचलून नवी मांडत. गुलछडी जास्त टिकते, म्हणून ती दोन-तीन दिवस ठेवत. असे कित्येक आठवडे चालले की चरबी वासाने भरून जाई, आणि मग ती मद्यार्कात घोळवून वास वेगळा काढत. चरबी डुकराची आणि गाईबैलांची असे. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका. दुपारी मी ग्रासच्या संग्रहालयात त्या चौकटी पाहिल्या. शाळेच्या पाटीला दोन्ही बाजूंनी लाकडी कड लावावी तशा दिसतात, आणि काठांवर इतक्या हाताळलेल्या आहेत की लाकूड गुळगुळीत झाले आहे.

आता कारखान्यांत चरबी नाही. फुले मोठ्या टाकीत घालून त्यांतून हेक्झेनसारखा द्राव फिरवतात, तो उडवून लावला की मेणासारखा गोळा उरतो. त्याला इथे काँक्रीट म्हणतात. हा शब्द ऐकून मला आपल्या स्लॅबचीच आठवण झाली. तो गोळा मद्यार्काने धुऊन शेवटचा अर्क काढतात. चमेलीचा एक किलो अर्क काढायला सुमारे 600 ते 700 किलो फुले लागतात आणि एका किलोत आठ-दहा हजार फुले भरतात, तेव्हा तुम्हीच हिशेब करा. म्हणजे हे काम एका मळ्याचे नाही. पेट घेणारा द्राव, बंद टाक्या, रोज टनावारी फूल. कर्नाटक आणि तमिळनाडूत असे कारखाने आहेत, गुलछडीचा अर्क बहुतेक तिथूनच ग्रासला येतो. शेजाऱ्यांच्या भट्टीत आपली फुले घालण्यात पैसा घालवू नका, हे माझे मत.

आणखी एक फरक तुमच्या कामाचा आहे. आपण पहाटे कळी तोडतो, कारण हारवाल्याला ती संध्याकाळपर्यंत टिकायला हवी. अर्कासाठी मात्र पूर्ण उमललेलेच फूल लागते, कारण कळीत वास अजून तयार झालेला नसतो. तेव्हा एकच फूल दोन्हींसाठी चालत नाही. कोणत्या गिऱ्हाइकाला द्यायचे ते तोडण्याच्या दिवशीच ठरते. बागेतले गुलछडीचे दांडे आपल्यासारखेच, सिंगल पाकळीचे होते आणि खालची चार-पाच फुले उघडलेली होती. मी नाक लावले आणि मला दोन मिनिटे काही बोलता आले नाही. गाईड बाईंनी ते पाहिले असावे. त्या मुद्दाम पुढे चालत राहिल्या.

ग्रासच्या शेतकऱ्यांचा त्रासही तुम्हाला ओळखीचा वाटेल. गुलछडीचे कांदे इथल्या थंडीत जमिनीत राहत नाहीत, म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी उकरून काढून ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. चमेलीला थंडी सोसत नाही, म्हणून तिचे कलम थंडी सोसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या चमेलीवर बांधतात आणि हिवाळ्यात बुंध्याला मातीची भर घालतात. हा सगळा खटाटोप आणि वर मजुरी, पण त्यांना खरा फटका दुसरीकडून बसला. हा समुद्रकिनारा श्रीमंतांच्या बंगल्यांचा झाला, जमिनीचे भाव चढले, शेते गेली. आणि फुले इजिप्तहून, मोरोक्कोहून, आपल्याकडून स्वस्तात येऊ लागली, काही वास तर प्रयोगशाळेतच तयार झाले. 2018 मध्ये युनेस्कोने ग्रास परिसरातल्या या साऱ्या कौशल्यांना, म्हणजे फुलांची शेती, कच्च्या मालावरची प्रक्रिया आणि अत्तर जुळवण्याची कला यांना, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. थोडी शेते आता उरली आहेत, ती मोठमोठ्या अत्तर कंपन्यांशी करार करून टिकली आहेत. 1921 साली निघालेल्या शनेल नंबर फाइव्ह या प्रसिद्ध अत्तरासाठी चमेली आणि मे महिन्यातला गुलाब आजही या भागातूनच घेतला जातो. कराराचा भाव आधीच ठरलेला असतो, एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी या लोकांचा हेवा केला. परवा तुम्ही सांगत होता की पितृपक्षात फुलाला गिऱ्हाईक नाही आणि गाडीभाडेही निघत नाही. नवरात्र लागले की भाव सुधारेल, पण आधी कोणी लिहून देत नाही.

पत्रासोबत प्लास्टिकच्या पिशवीत कागदाची एक पट्टी ठेवली आहे. बाईंनी गुलछडीच्या अर्कात बुडवून ती मला दिली. ताज्या फुलासारखा हा वास नाही. मधासारखा जड, आणि मधूनच रबरासारखा येतो, पहिल्यांदा तुम्हाला नवल वाटेल. टपालाला दहा-बारा दिवस लागतील, पण हा अर्क चिवट असतो, काहीतरी उरलेले असेल. आईने ती मसाल्याच्या डब्याजवळ ठेवण्याआधी तुम्ही वास घ्या, आणि आपले फूल त्यात ओळखू येते का ते मला कळवा.

आईला आणि वहिनीला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची
धाकटी