पाडा, पण आधी मोजून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या फ्लॅट्सवर मोठा सचित्र लेख आला. फोटो देखणे आहेत, त्याबद्दल वाद नाही. गोल बाल्कनी, मोझॅकचा जिना, सागवानी दारावरची पितळी पाटी, सगळं आलं. मात्र लेख वाचून वाटतं की अशा घरात राहणं ही ऐपतदारांची हौस आहे. मी शिवाजी पार्कला अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, पागडीची भाडेकरू म्हणून, म्हणजे सुरुवातीला मालकाला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाडं भरणारी. निवृत्त होईपर्यंत आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर काम केलं. त्यामुळे लेखात जे आलं नाही ते लिहिते आहे.

आमचं घर १ सप्टेंबर १९४० च्या आधीचं, म्हणजे सेसच्या (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतात त्या कराच्या) हिशेबात ‘अ’ वर्ग. त्याच तारखेचं भाडं प्रमाण धरून १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठवली. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळात आकडाच एवढासा की त्याच्या चार टक्क्यांत काय येणार? आमचं भाडं इतकं आहे की मालकांकडे रंगकाम मागायची मला लाज वाटते. ते दुरुस्ती करत नाहीत, आम्ही आमच्यापुरती करतो, आणि १९६९ पासून सेस भरून सरकारी दुरुस्ती मंडळाची वाट बघतो. दरम्यान खारी हवा आपलं काम करते. त्या काळी आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, सळईवर काँक्रीटचं कव्हर बेताचंच ठेवत. सळई गंजली की फुगते, कव्हर सुटतं आणि स्लॅबचा पोपडा जेवणाच्या टेबलावर येतो. हे लेखातल्या एकाही फोटोत नव्हतं.

म्हणून स्पष्ट सांगते, रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर माझी सही आहे. लिफ्ट नाही, गुडघे ऐकत नाहीत. २०१२ मध्ये आमचा परिसर हेरिटेज यादीत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा इथल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. त्यातही माझी सही होती आणि ती आजही मला योग्यच वाटते. दुरुस्तीचा पैसा न देता फक्त बंधनं घालायची, हा कुठला न्याय? ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको (त्याच युद्धपूर्व काळातली बांधकामाची शैली) २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेला, आनंद आहे. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्या यादीच्या बाहेर आहेत आणि इथल्या इमारती एकेक करून जाणार, हे मी धरून चालले आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पाडायच्या आधी त्या मोजून ठेवा.

का, ते आमच्या घरावरून सांगते. पुढची खोली पश्चिमेला, समुद्राकडे. तिच्या दारासमोर मधल्या खोलीचं दार, त्याच्या समोर स्वयंपाकघराचं आणि मागे गॅलरी, सगळी एका रेषेत. प्रत्येक आतल्या दारावर झडपेची छोटी खिडकी, दोरीनं उघडायची. छत अकरा फुटांवर, त्यामुळे गरम हवा वर चढते आणि त्या झडपांमधून मागच्या बाजूला निघून जाते. खिडक्यांवरून सलग धावणारा छज्जा लोकांना नुसती नक्षी वाटते. ऊन डोक्यावर असेपर्यंत तो काचेवर सावली ठेवतो आणि पावसाळ्यात त्याच्यामुळेच खिडकी उघडी टाकता येते. चारनंतरचं तिरपं ऊन मात्र छज्जाला जुमानत नाही, त्यासाठी लाकडी पट्ट्यांची पानं आहेत. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या. मे महिन्यातही आमच्याकडे दुपारी पंख्यावर भागतं. समोरच्या नव्या टॉवरमध्ये माझी भाची राहते, तिच्याकडे एसी बंद केला की पाहुणे उठायला लागतात.

यातलं काही गुपित नव्हतं. सिमेंट नवीन होतं, आर्किटेक्ट तरुण होते आणि मुंबईच्या हवेत फ्लॅट कसा बसवायचा हे ते जागेवर शिकत होते. मरीन ड्राइव्हवरची १९३७ ची सूना महल ही इमारत आखणारे आर्किटेक्ट गजानन बाबुराव म्हात्रे आपल्यातले, तरी हे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? त्यांच्यासारख्या नावाजलेल्यांची काही कामं निदान अभ्यासकांनी नोंदवली आहेत. आमच्यासारख्या इमारती कुणी आखल्या हे अनेकदा रहिवाशांनाही माहीत नसतं. मूळ नकाशासाठी मी एका कार्यालयात खेटे घातले. फाइल सापडत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

आणि मोजायचं तर सगळं मोजा. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला अरुंद गोल लोखंडी जिना आहे, थेट संडासांपर्यंत जाणारा. सफाई कामगारांनी पुढच्या जिन्यानं येऊ नये, घरातून जाऊ नये, म्हणून तो बांधला. पुढच्या जिन्याचे फोटो सगळे काढतात. मागचाही नकाशावर यायला हवा, कारण घर कुणासाठी आणि कुणाला वगळून बांधलं हे त्यातच दिसतं.

तेव्हा सूचना अशी. १९४० पूर्वीच्या कुठल्याही इमारतीच्या पुनर्विकासाला परवानगी देण्याआधी महापालिकेनं मोजमापाची ड्रॉइंग्ज सक्तीची करावीत. प्रत्येक मजल्याचा प्लॅन, दोन सेक्शन (उभे छेद), चारही एलिव्हेशन (बाहेरच्या बाजूंची ड्रॉइंग्ज) १:५० या प्रमाणात, आणि खिडकी, झडप, छज्जा, कठडा यांचे तपशील १:१० मध्ये. सोबत फोटो. हे सगळं कुणालाही बघता येईल असं ठेवावं. याला एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) लागत नाही, मालकाचा हक्क जात नाही, भाडेकरूचं घर एक दिवसानंही लांबत नाही. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मेजर्ड ड्रॉइंग अभ्यासक्रमातच असतं. दरवर्षी त्यांना लांबचे वाडे आणि देवळं मोजायला नेतात. त्यांतल्या काही तुकड्या दादरला पाठवा. टेप धरायला आणि चहा करायला मी आहे. बिल्डरचा खर्च म्हणाल तर तो त्यांच्या सॅम्पल फ्लॅटच्या पडद्यांइतकाही होणार नाही.

आमच्या इमारतीची मोजणी मी स्वतःच सुरू केली आहे. आमचा मजला आणि जिना झाला. तळमजल्यावरचे बिऱ्हाडकरू अजून आत येऊ देत नाहीत, त्यांना वाटतं मी बिल्डरच्या वतीनं कार्पेट एरिया (घरातली वापराची जागा) मोजते आहे. हेच काम महापालिकेचं पत्र घेऊन कुणी आलं तर दार उघडेल.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्सवुमन,
शिवाजी पार्क, दादर