शुद्ध जातीच्या नावाखाली संकरित कोंबड्या पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘ऱ्होड आयलंड रेड, शुद्ध जात, पैदास संच’ या नावाने संकरित पिल्लं पाठवल्याबाबत, आणि सोबतच्या पुस्तिकेतील चुकांबाबत

सोबत: पावतीची प्रत, पेटीवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो, पिल्लांचे आणि वाढलेल्या पक्ष्यांचे फोटो

महोदय / महोदया,

वर लिहिलेला संच मी तुमच्या संकेतस्थळावरून मागवला. पिल्लं वेळेवर आली, एकही दगावलेलं नव्हतं, पेटीत हवाही खेळती होती. वाहतुकीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जी जात मागवली, जिचे पैसे घेतले, ती त्या पेटीत नव्हती.

पेटीत मधोमध पुठ्ठ्याचा पडदा होता. एका बाजूला ‘नर’ अशी चिठ्ठी आणि त्यातली झाडून सगळी पिल्लं फिकट पिवळी, जवळजवळ पांढरी. दुसऱ्या बाजूला ‘मादी’, आणि ती सगळी तांबूस. पेटी उघडली तेव्हाच शंका आली, कारण शुद्ध ऱ्होड आयलंड रेडची एका दिवसाची पिल्लं नर असोत की मादी, तांबूसच असतात. रंग बघून त्यांची अशी दोन ढिगांत वाटणी करताच येत नाही. ती करता येते फक्त मुद्दाम तशा लावलेल्या संकरात: बाप ऱ्होड आयलंड रेड आणि आई चंदेरी रंगाच्या जातीची, उदाहरणार्थ लाइट ससेक्स.

यामागचं कारण तुमच्या हॅचरीतल्या (अंडी उबवून पिल्लं काढता त्या केंद्रातल्या) माणसांना ठाऊक असणारच, पण ज्यांनी माझ्या ईमेलांना उत्तरं दिली त्यांना ते माहीत दिसत नाही, म्हणून लिहिते. कोंबड्यांमध्ये नराला दोन ‘झेड’ गुणसूत्रं असतात, मादीला एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. चंदेरी रंगाचं जनुक ‘झेड’वर असतं आणि ते सोनेरी-तांबड्यावर मात करतं. आईचं एकुलतं ‘झेड’ फक्त मुलांना जातं, मुलींना तिच्याकडून ‘डब्ल्यू’ मिळतं. त्यामुळे मुलगे आईसारखे फिकट निघतात आणि मुली बापासारख्या तांबड्या. अंड्यांच्या व्यवसायात ही फार सोयीची गोष्ट आहे, पहिल्याच दिवशी नर-मादी कळतात. पण असा पक्षी म्हणजे जात नव्हे, संकर आहे.

मी त्याच दिवशी फोन केला. ‘मोठी झाली की रंग धरतील’ असं उत्तर मिळालं. धरले की! कोंबडे पांढरे झाले, खांद्यांवर आणि पाठीवर तांबड्या रंगाचे फराटे. तलंगा (वयात येणाऱ्या कोंबड्या) वरून तांबड्या, पण पिसं बाजूला सारून बघितलं तर खालची लव पांढरी आणि शेपटीत पांढरी पिसं. या जातीचा कोंबडा कसा असतो ते कुठल्याही प्रमाण वर्णनात सापडेल: अंगभर गडद, महोगनीसारखा तांबडा, आणि शेपूट काळी, हिरवट झाक मारणारी. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९०४ साली या जातीला मान्यता दिली. शंभराहून जास्त वर्षं माणसांनी हा रंग आणि हा बांधा सांभाळला आहे, तो ‘थोडाफार फरक पडतोच’ (तुमच्या दुसऱ्या ईमेलातलं वाक्य) म्हणण्यासाठी नव्हे.

तरीही मी यातल्याच कोंबड्याशी यातल्याच तलंगांचा जोड लावला आणि त्यांची अंडी उबवून घेतली, म्हणजे वादाला जागा राहू नये. निघालेल्या पिल्लांत फिकट आणि तांबडी दोन्ही होती आणि वाढल्यावर दोन्ही रंगांत नरही निघाले, माद्याही. आईबाप शुद्ध असते तर असं झालं नसतं. संकराची पुढची पिढी अशीच विस्कटते.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, ‘मॅडम, अंडी तर देतायत ना?’ देतात, आणि भरपूर देतात. संकरित कोंबड्या अंड्यांना चांगल्याच असतात. फक्त अंडी हवी असती तर मी त्याच मागवल्या असत्या, तुमच्याच यादीत त्या निम्म्या किमतीत आहेत. मी दुप्पट दिले ते ‘पैदास’ या शब्दाचे. माझ्यासारखं घरामागे खुराडं बांधून एक जात धरून चालणारं माणूस पिढ्यांच्या हिशेबाने विचार करतं: पहिल्या वर्षी पक्षी वाढवायचे, त्यातले चांगले निवडायचे, मग त्यांची अंडी उबवायची. पायाच चुकीचा निघाला की तो सगळा काळ पाण्यात जातो.

आणि तुमची हमी तर ४८ तासांची! ४८ तासांत पिल्लू जिवंत आहे की नाही एवढंच कळतं. जात खरी की खोटी हे पिसं बदलल्यावर आणि खरं तर पुढची पिढी निघाल्यावर कळतं. पैदास संच विकायचा आणि हमी फक्त वाहतुकीची द्यायची, हे मला पटत नाही.

आता संकेतस्थळावरच्या ‘तुमच्यासाठी योग्य जात निवडा’ या प्रश्नावलीबद्दल. मी ती पुन्हा पुन्हा वेगवेगळी उत्तरं देऊन भरून पाहिली. अंडी हवीत म्हटलं, मांस हवं म्हटलं, कोंबडीने स्वतः अंडी उबवायला हवीत म्हटलं, शेवटी हाच संच समोर आला. जो माणूस पहिल्यांदाच कोंबड्या पाळणार आहे तो यावर विश्वास ठेवतो. अंड्यांसाठी लेगहॉर्न बरी, पण ती खुडूक (अंड्यांवर बसायला तयार) क्वचितच होते. सिल्की वरचेवर खुडूक होते आणि दुसऱ्यांची अंडीही मायेने उबवते, पण तिची स्वतःची अंडी लहान आणि थोडी. मोठ्या एकेरी तुऱ्याच्या जातींना कडाक्याच्या थंडीत तुरा गोठण्याचा त्रास होतो. पायांवर पिसं असलेल्या जाती चिखलात हाल काढतात. यातलं एकही वाक्य तुमच्या पानावर नाही. आमच्यासारख्यांना हेच तर हवं असतं.

पुस्तिकेत आणि सोबतच्या खाद्यात मिळून दोन गोष्टी सरळ चुकीच्या आहेत. पुस्तिकेच्या पान सहावर म्हटलंय की कोंबडा बदलल्यावर दुसऱ्या दिवसापासून उबवणीची अंडी गोळा करावीत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन ते तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस थांबल्याशिवाय पिल्लाचा बाप कोण हे कोणीच सांगू शकत नाही, आणि पैदास करणाऱ्याला तर तेच माहीत हवं. दुसरं, संचासोबत आलेलं खाद्य ‘सर्व वयांसाठी’ म्हणून दिलं आहे, पण पिशवीवर कॅल्शियम ३.५ टक्के छापलंय. हे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य झालं. पिल्लांना साधारण १ टक्का पुरतं, जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात. मी ती पिशवी पिल्लांसमोर ठेवली नाही. सगळेच पिशवीवरचं बारीक अक्षर वाचतात असं नाही.

माझ्या मागण्या अशा. संचाची पूर्ण किंमत परत करा, पुढच्या खरेदीवरचं सवलत कूपन मला नको आहे, ते दोनदा नाकारून झालं आहे. या पिल्लांचे आईबाप कोणत्या जातींचे होते ते लेखी कळवा. त्याच तुकडीतले संच आणखी कोणाकोणाला गेले असतील, त्यांनाही स्वतःहून सांगा, कारण त्यातले काही जण आत्ता कुठे अंडी उबवायला ठेवत असतील. संकेतस्थळावर या संचापुढचं ‘शुद्ध जात’ काढा किंवा खरोखर शुद्ध पक्षी पाठवा. पुस्तिकेचं पान सहा आणि खाद्यावरची चिठ्ठी दुरुस्त करा.

पक्षी परत मागू नका. सोबतचे फोटो पाहून खात्री पटत नसेल तर तुमच्या हॅचरीतलं जाणकार माणूस पाठवा, मी कोंबडा हातात धरून दाखवीन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. ते आलं नाही तर हीच कागदपत्रं घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

आपली,
संचाची ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक पावतीवर आहेत)