फणसाखालची जागा देऊ नका

वांगानुई, न्यूझीलंड
१२ जुलै

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. थंडी कडक आहे, पण हीटर आहे. खोलीतली दुसरी नर्स केरळची, त्यामुळं भाताची सोय झाली. आईला सांगा, वजन कमी झालेलं नाही, फोनमध्ये तोंड तसं दिसतं.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, नदीला माणूस म्हणणाऱ्या लोकांत राहून तूही खुळी होशील. ड्यूटीची वेळ झाली होती म्हणून काही बोलले नाही. माणूस नव्हे, कायद्यानं व्यक्ती. २०१७ साली इथल्या संसदेनं तसा कायदा केला. नदीकाठचे माओरी, म्हणजे इथले मूळचे लोक, १८७० च्या दशकापासून नदीसाठी सरकारशी भांडत होते. आता नदीच्या वतीनं बोलायला दोघं नेमलेत, एक सरकारनं, एक माओरींनी. आणि आपल्याकडं देवाच्या नावावर जमीन असते ती? कोर्ट देवाला कायमचा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, धरतं, सह्या पंच करतात. त्याला कुणी खुळं म्हणत नाही.

मला अजून जमत नाही ती इथली ओळख करून द्यायची रीत. माओरी माणूस उभा राहिला की आधी आपला डोंगर सांगतो. मग नदी. मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ, आणि नाव अगदी शेवटी. म्हणजे डोंगर-नदीशिवाय नुसतं नाव सांगितलं तर माणूस अर्धाच कळला असं. आम्हा बाहेरच्यांनी इथली नदी आपली म्हणायची नाही, आपल्या गावाकडची सांगायची. पहिल्या आठवड्यात माझी पाळी आली तेव्हा मी नाव, डिग्री, अनुभव सगळं घडाघडा सांगून खाली बसले, तरी सगळे माझ्याकडंच बघताहेत! शेवटी आमच्या वॉर्डातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, तुझा डोंगर कुठला? आता काय सांगू? घरामागच्या डोंगराला आपण नुसतं डोंगरच म्हणतो. नदी मात्र लगेच सांगितली, मलप्रभा, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम. ‘मग कळलं तू कोण,’ म्हणाल्या. महाराष्ट्र की कर्नाटक, ते विचारलंच नाही. तुम्ही सीमाप्रश्नाची १ नोव्हेंबरची फेरी कधी चुकवत नाही, तुम्हाला हे आवडेल की नाही कुणास ठाऊक.

त्यांच्यात जमीन आणि बाळंतिणीची वार, दोन्हीला शब्द एकच, फेनुआ. दवाखान्यातून वार डब्यात घालून घरी नेतात आणि आपल्या जमिनीत पुरतात. मी त्या बाईंना सांगितलं, माझी पण पुरलीय. पुलावरून पाणी होतं म्हणून आईला खानापूरला नेता आलं नाही, आजीनंच सगळं केलं आणि परसातल्या फणसाखाली पुरली. त्या थट्टेनं म्हणाल्या, ‘मग तू इथं काय करतेस?’ मी पण हसले.

आजीच्या वर्षश्राद्धाला आले नाही, ते तुम्ही कुणी बोलून दाखवत नाही. रजा मिळत नव्हती. म्हणजे मागितली असती तर मिळालीही असती, पण तिकिटाचे पैसे सोसायटीच्या हप्त्याला गेले.

काल साठ हजार पाठवलेत. आता ताडपत्री घाला, कौलं दिवाळीनंतर बदला. लावणीला गडी मिळत नसतील तर जास्त मजुरी द्या, आईला चिखलात उतरवू नका. चंदगडच्या स्थळाचा फोटो बघितला. बरा आहे. मुलगी परत येणार का असं ते विचारतात, तर दोन वर्षांचा करार आहे म्हणून सांगा. करार खरंच दोन वर्षांचा आहे. पुढचं मी अजून ठरवलेलं नाही, ते तुम्ही सांगू नका.

आणि तो रिसॉर्टवाला परत आला तर रस्त्याकडची पट्टी द्या हवी तर. परस देऊ नका. कमी पडतील ते पैसे मी गणपतीच्या आत पाठवते. यंदाही गणपतीला येणं होत नाही, आई रडली तर आधी जेवायला लावा, मग सांगा.

त्या डोंगराला काही नाव आहे का, तेवढं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळवा. पुढच्या महिन्यात परत माझी पाळी आहे.

तुमची,
धाकटी