तुळईला पट्टी लावण्यापूर्वी
मा. संपादक,
काँक्रीटची जुनी तुळई न पाडता तिच्या तळाशी कार्बन तंतूंची पट्टी इपॉक्सी या रासायनिक गोंदाने चिकटवून तिची ताकद वाढवता येते. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळचा इबाख पूल १९९१ मध्येच असा सावरला गेला. परंतु पट्टी कितीही बळकट असली, तरी तिच्यातील ताण अखेर काँक्रीटच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरालाच पेलावा लागतो आणि तो थर पोकळ वा ओलसर असेल, तर पट्टी पूर्ण क्षमतेला पोहोचण्याआधीच अचानक सुटून येते. सळ्या गंजून फुगल्या की हाच थर तडकून पोकळ होतो; म्हणूनच आतील गंजलेल्या सळ्यांवर उपचार न करता वरून पट्टी चिकटवणे मला धोकादायक वाटते. शिवाय नेहमीचे इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. आगीत पट्टी निकामी झाली, तरी मूळ तुळई नित्याचा भार पेलेल का, याचा हिशेब अभियंत्याने आधीच मांडायला हवा.
– एक स्थापत्य अभियंता