आबांची फाईल

चोपडा,
12 सप्टेंबर 2021

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

"आई, कपाटातली निळी फाईल मी पाहिली होती," एवढंच तू लिहिलंस. पुढे राग नाही, प्रश्न नाही. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. फोनच करणार होते, पण तो स्पीकरवर असतो आणि आबा शेजारी बसून प्रत्येक शब्द ऐकतात. शिवाय फोनवर तुझ्याशी खोटं बोलायची मला आता सवय झाली आहे. म्हणून कागद घेतला.

17 एप्रिलची सकाळ. आबांच्या तापाचा चौथा दिवस होता. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ते मशीन 88 दाखवत होतं. मला वाटलं, सेल उतरले असतील. माझ्या बोटाला लावून पाहिलं तर 97. पुन्हा त्यांच्या बोटाला लावलं, 87. मग तुझ्या काकांच्या मोठ्याला हाक मारली. त्याने त्यांना धरून गाडीत बसवलं आणि जळगाव गाठलं. तीन दवाखान्यांत खाट नव्हती, चौथ्यात कशीबशी मिळाली. छातीच्या सिटी स्कॅनचा स्कोर 25 पैकी 14 आला. रेमडेसिव्हिरच्या सहा इंजेक्शनांसाठी तो पोरगा दोन दिवस चिठ्ठी घेऊन रांगांमध्ये उभा होता. अकरा दिवस ऑक्सिजन. मला आत सोडत नव्हते. मी त्या पोराच्या सासुरवाडीला ओसरीत पथारी टाकून होते आणि रात्री फोन वाजला की आधी देवाकडे बघत होते.

गाडीत बसताना आबा एकच वाक्य बोलले, तेही धापा टाकत. "पोरले सांगू नको. ती तठे काय करी?"

आणि खरंच काय केलं असतंस? मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली तेव्हापासून तुझं येणं म्हणजे तिकिटापेक्षा कागदांचं काम. जावईबापूंच्या व्हिसाचा शिक्का संपलेला, मुंबईच्या वकिलातीत तारीख मिळेना. त्यातच यंदा 4 मेपासून अमेरिकेने इकडून येणाऱ्यांना बंदी घातली. छोटी तिथली नागरिक म्हणून तिच्या आईला सूट, हे आपल्याला नंतर कळलं. सात वर्षांच्या पोरीचं बोट धरून तिची आई परत आपल्या घरी गेली, हे मी अजून शेजारणींना नीट समजावून सांगू शकलेले नाही.

तर त्या अकरा दिवसांतला माझा खोटेपणा. तुमचे सकाळचे साडेआठ, आमचे संध्याकाळचे सहा. रोज फोन यायचा तुझा. पाच-सहा दिवस ओसरीतल्या भिंतीपुढे बसून बोलले, मग कपडे न्यायला एका दिवसापुरती गावी आले तेव्हा आपल्या दारातूनच बोलले. "आबा शेतात गेलेत, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे," हे तुला सांगताना मला काही विचार करावा लागला नाही. शेतकऱ्याच्या घरात हे कारण कधीच नापास होत नाही. पण छोटी मध्येच फोनात डोकावली आणि म्हणाली, "आजी, आबांची चप्पल तर दारात आहे." होतीच. त्यांना उचलून नेलं तेव्हा पायात काही घालायचं कोणाला सुचलं होतं? मी म्हटलं, नवी घेतली त्यांनी. तू हसलीस. "आबांनी, नवी चप्पल? स्वतःहून?" तेवढ्यावर पकडलं असतंस मला, पण कुकरची शिटी झाली तुझ्याकडे.

पुढे जुलैत तू आलीस. मुंबईहून रात्रभर गाडीने, धुळे-अमळनेर करत. आबा गच्चीच्या जिन्यात मध्येच थांबायचे, मी म्हणाले वय झालं. दुसरा डोस का नाही घेतला म्हणून तू रागावलीस. मी सांगितलं की आमच्याकडे लसच येत नाही, आणि तू लगेच विश्वास ठेवलास, कारण पेपरात रोज तेच होतं. खरं म्हणजे आजारातून उठल्यावर तीन महिने लस घ्यायची नव्हती.

मोठ्या काकू फाटकाच्या आत आल्या नाहीत याचं तुला वाईट वाटलं. डबा कठड्यावर ठेवून, लांबूनच छोटीला "केवढी झाली माय" म्हणून गेल्या. तुला वाटलं, परदेशातून आलेल्यांना घाबरल्या. अगं, त्या तुला नाही, आमच्या घराला घाबरत होत्या, एप्रिलपासून. मागच्या पावसाळ्यात केळीवर सीएमव्ही रोग आला तेव्हा लोकांनी रोगट झाडं उपटून पुरली. केळीला निदान वाईट वाटत नाही. पण काकूंच्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरी तूच चार खाल्ल्यास, तेव्हा मनात ठेवू नकोस.

सांगायचं तर कानबाईच्या सणाच्या दिवशीच सांगणार होते. 15 ऑगस्ट, रविवार. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजत होते, घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ. तू परात धरून समोर बसली होतीस. आबांच्या नावाची मूठ भरली आणि मला ती उघडवेना. एप्रिलमध्ये मी मनातल्या मनात हा हिशेब एका मुठीने कमी करून पाहिला होता. तू म्हणालीस, "आई, मोजायला चुकलीस का?" मी हो म्हणाले आणि सगळे गहू परत ओतून पहिल्यापासून मोजले.

फाईल आता कपाटात साड्यांखाली नाही, टीव्हीशेजारी आहे. आबांना अजून माहीत नाही की तुला कळलंय. ते तूच सांग, माझ्यावर नको. परवा त्यांना दाखवून आणलं. फुफ्फुसं सुधारताहेत, जिना आता एका दमात चढतात. औषधं दोनच उरलीत, त्यांचा फोटो पाठवते, वाच आणि जावईबापूंनाही दाखव. डोस दिला ऑगस्टअखेर.

आता एक माझ्याकडचं. तुम्ही जायच्या आदल्या रात्री छोटी माझ्याजवळ झोपली होती. शेवभाजी तिखट झाली म्हणून रडली आणि मग गुळाचा खडा चघळत गप्पा मारत बसली. म्हणाली, ख्रिसमसच्या सुट्टीत आई तळघरात राहायची, पपा ताट पायऱ्यांवर ठेवायचे आणि मी वरून तिला गोष्ट वाचून दाखवायचे. त्या दिवसांत तू मला सांगत होतीस की ऑफिसचं काम फार आहे, कॅमेरा बंद ठेवते. त्या रात्री मी तुला उठवलं नाही, सकाळी गाडी होती.

आता विचारते. किती दिवस होता ताप?

तुझी
आई