पत्र क्रमांक ९ : आईच्या डाव्या हाताबद्दल

॥ श्री ॥

दक्षिण सुदान,
रविवार, ३ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

बाबा, तुमचे १० जुलैचे पत्र क्रमांक ११ काल दुपारी हाती आले, म्हणजे बोपोडीहून निघाल्यापासून त्याला २३ दिवस लागले. क्रमांक १० अद्याप यायचे आहे. पत्रांवर क्रमांक घालण्याची तुमची पद्धत मला एके काळी केवळ पोस्टातल्या माणसाची खोड वाटत असे. आता मात्र तिचा उपयोग कळतो, कारण एखादे पत्र मागे राहिले तर घरून लिहिलेच गेले नाही की वाटेत अडकले आहे, या विचारात रात्र घालवावी लागत नाही. येथे मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. जमीन आपल्या सोलापूरकडच्या काळ्या रानासारखी, त्यामुळे दोन सरी पडल्या की गस्तीची गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतते आणि मातीची धावपट्टी चार चार दिवस विमानासाठी बंद राहते. आमच्या शांतिसेनेच्या छावणीचे टपाल त्याच विमानाने येते.

आता मुख्य विषयाकडे येतो. गेल्या रविवारी छोटी फोनवर मला सांगत होती की, आजीच्या प्लास्टरवर तिने मोर काढला होता आणि डॉक्टरांनी तो मोर करवतीने कापून टाकला. तिच्या मागून कोणीतरी घाईने फोन काढून घेतला, आणि त्यानंतरची दहा मिनिटे घरातल्या मोठ्या माणसांनी पाणीकपात, सिलिंडर आणि समोरच्या इमारतीची लिफ्ट या विषयांवर माझ्याशी जे संभाषण केले, ते मला फार दिवस आठवत राहील. मग रात्री सौ.ने सगळे सांगितले: आई जूनच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरली, उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते, आणि हे मला कळू द्यायचे नाही अशी शपथ आईने सर्वांना घातली होती. सौ.वर माझा राग नाही. सासूची शपथ आणि नवऱ्याचा प्रश्न यांच्यामध्ये ती दोन महिने उभी होती, आणि तिची नोकरी सांभाळून आईची वेणीफणीही तीच करत होती.

मला खंत आहे ती माझ्या डोळ्यांची. तुकोबांची पालखी मुंबई रस्त्याने आपल्या भागातून गेली, त्या दिवशी आईने मला फोनवरून दर्शन घडवले. रेंज कमी असल्याने चित्र एका वारकऱ्याच्या पताकेवर थिजले होते, टाळांचा आवाज मात्र अखंड येत होता. शेवटी आईचा चेहरा दिसला आणि तिने हात उंचावून मला आशीर्वाद दिला, तो डाव्या हाताने. ज्या बाईने आम्हा भावंडांना डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून पाठीत धपाटे घातले, ती डाव्या हाताने आशीर्वाद देते आहे, आणि मी मनाशी म्हटले की फोनमध्ये उजव्याचे डावे दिसत असावे. उजवा हात पदराखाली होता. नंतर दर रविवारी तो पदराखालीच होता.

बाबा, फोनवर लपवले याचे मला एवढे लागले नाही. फोनवर माणूस गडबडतो, वेळ भरून काढतो. परंतु १० जुलैला, आईचा हात प्लास्टरमध्ये असताना, तुम्ही तुमच्या वळणदार अक्षरात ‘येथील सर्व कुशल आहे’ असे लिहिलेत. सिटी पोस्टात आयुष्य काढलेल्या आणि दुसऱ्याचे साधे कार्डसुद्धा कधी न वाचलेल्या माणसाच्या हातचे हे वाक्य आहे. आता मागच्या दहा पत्रांतले प्रत्येक ‘कुशल’ मी पुन्हा तपासून पाहतो आहे.

मला हे म्हणण्याचा अधिकार किती, हाही प्रश्न आहेच, म्हणून माझेही सांगून टाकतो. मे महिन्यात मी आठवडाभर ‘घसा बसला आहे’ म्हणून फोन टाळला, तेव्हा मला मलेरिया झाला होता. पाच दिवस मी आमच्या वैद्यकीय तुकडीच्या खाटेवर होतो. येथे मलेरिया नवलाचा नाही, औषध वेळेवर मिळाले, आणि आता वजनही भरून आले आहे. तेव्हा मीही तुम्हाला फसवले, तेही तुमच्याच कारणाने: त्यांनी तिकडे काळजी करून काय होणार आहे?

सुट्टीत असताना मी वाचले होते की, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या शिपायांची पत्रे सरकारी सेन्सॉर उघडून वाचत असे. अनेकांना लिहिता येत नसल्यामुळे ते लेखनिकाला मजकूर सांगत, म्हणजे मनातली गोष्ट घरी पोहोचण्याआधी दोन परक्या माणसांच्या हातांतून जाई. मग काहींनी युक्ती काढली. हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरे म्हणजे लाल मिरची, अशा खुणांनी ते रणांगणावर कोण किती उरले हे गावाला कळवत. सेन्सॉरने काढून ठेवलेले त्या पत्रांचे उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या माणसांनी सरकारची नजर चुकवून खरी बातमी घरी पोहोचवली. आपल्यामध्ये आज कोणी सेन्सॉर बसलेला नाही, तर आपण दोन्हीकडचे लोक स्वतःच ते काम करू लागलो आहोत.

तुम्ही कामठीला प्रशिक्षण घेऊन प्रतिनियुक्तीवर लष्करी टपालात गेलात, त्या तीन वर्षांच्या गोष्टी मला आता नव्याने आठवतात. ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) म्हणजे गाव नव्हे, हे तुम्ही मला लहानपणी पटवून दिले होते: पाठवणाऱ्याने युनिटचे नाव आणि एपीओचा आकडा लिहायचा, युनिट आज डोंगरावर आहे की नदीकाठी, हे त्याला कळण्याचे कारण नाही, ते दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या मध्यवर्ती टपाल केंद्राला ठाऊक असते आणि तेथून थैली बरोबर जाते. तुमच्या आल्बममधली ती तिकिटेही डोळ्यांसमोर आहेत. १९५३ मध्ये आपल्याच कोल्हापूरकडचे लष्करी अधिकारी थोरात साहेब भारतीय संरक्षक दल घेऊन कोरियाला गेले, तेव्हा भारतीय तिकिटांवर ‘कोरिया’ असे वेगळे छापून ती जवानांना दिली गेली. पुढे काँगो आणि गाझा येथील तुकड्यांसाठीही तसेच केले गेले. परमुलखातल्या शिपायाने घरच्या तिकिटावर घरी लिहावे यासाठी सरकारने एवढा खटाटोप केला. आणि त्याच काळात जवानांच्या घरून ‘आई सिरियस, लवकर या’ अशा तारा एवढ्या येत की, साहेब लोक आधी शंका घेत आणि मग सुट्टी देत, हेही तुम्हीच हसत सांगितले होते. तार २०१३ मध्ये बंद झाली. आमच्या घरी मात्र आई खरोखर पडली, तर तार सोडाच, छोटीच्या मोरावाचून मला पत्ता लागला नसता.

म्हणून माझी विनंती अशी आहे. फोन चालूच ठेवू, कारण छोटीचा पडलेला दात मला पत्रात दिसणार नाही. परंतु येथे मी ड्युटीवरून साडेसातला मोकळा होतो, तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. संध्याकाळी छावणीतले सर्वच जण फोनला चिकटतात, त्यामुळे नेट रडते. आणि सभोवती सहकारी असताना मी काय बोलणार? फोनवर आपण एकमेकांची तोंडे पाहू. खरे काय ते पत्रात लिहू, महिन्यातून दोनदा. दुखणे असेल तर कोणते, डॉक्टर काय म्हणाले, खर्च किती आला, हे तारखेनिशी लिहा. मला येथून काही करता येणार नाही, हे मान्य आहे. पण अर्धवट कळलेले दुखणे मी पहाऱ्याच्या वेळी मनात वाढवत बसतो, आणि ते खऱ्या दुखण्यापेक्षा नेहमीच मोठे होते.

फोन आला नाही तर तुम्हीही तसेच करता, हे मला सौ.कडून कळले. आई दूरदर्शनसमोर बसते आणि बाबा, तुम्ही मोबाईलवर ‘सुदान’ शोधत राहता. सुदान आणि दक्षिण सुदान हे २०११ पासून दोन वेगळे देश आहेत. तिकडच्या खार्तुमची बातमी ऐकून इकडच्या मुलासाठी देव पाण्यात घालू नयेत. तीन दिवस फोन आला नाही तर पाऊस आहे असे धरावे. माझे काही बरेवाईट झालेच, तर ते युनिटकडून रीतसर कळवले जाईल, बातम्यांतून नव्हे. युनिटचा क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्याखाली तुम्ही दूधवाल्याचा हिशेब लिहिला आहे, तो पुसू नका, पण क्रमांक दिसू द्या. आणि मामांना सांगा की, माझा निळ्या टोपीतला फोटो त्यांनी कौतुकाने चार ग्रुपवर टाकला, तो काढावा. त्यात मागे छावणीचे प्रवेशद्वार दिसते.

छोटीसाठी मी रोज रात्री एक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. नेट मिळाले की ती जाते आणि शाळेची रिक्षा येईपर्यंत ती ऐकते. सध्या नाईल नदीतला पाणघोडा मुळा नदीत येऊन राहतो आणि दापोडीच्या पुलाखाली त्याला घर मिळत नाही, इथपर्यंत कथा आली आहे.

आईला डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम दिला आहे म्हणे, आणि ती तो करण्याऐवजी कणीक मळते म्हणे. दोन्ही करावे. बाबा, तुमच्या पत्र क्रमांक १२ च्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडा आणि तेथे चार ओळी आईला तिच्या हाताने लिहू द्या, उजव्या हाताने. अक्षर वेडेवाकडे आले तर तसेच राहू द्या, तुम्ही वरून गिरवू नका. मी ते पाहून ठरवीन की हात कितपत बरा आहे.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. : पत्र क्रमांक १० मध्येही ‘सर्व कुशल’ असेल, तर ते मी वाचले नाही असे समजतो.